दोघांनी मिळून वाचायचे पुस्तक : प्रस्तावना

चित्रपुस्तकाच्या वाचकाला वाचता येत नसते, आणि तरी पुस्तक त्याचेच असते. दीड-दोन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला अक्षरे वाचून दाखवायला आई, बाबा, आजी, नाहीतर शाळेत जाणारी ताई लागते. ती ओळी वाचते तेवढ्या वेळात मूल चित्र वाचून काढते, आणि पुष्कळदा तिच्या आधी वाचून मोकळे होते. एकाच पानावर, एकाच वेळी दोन माणसे दोन निरनिराळ्या गोष्टी वाचत बसली आहेत, असा प्रकार साहित्यात दुसरीकडे सहसा आढळत नाही. मोठेपणी ही पुस्तके पुन्हा हाती लागली की एरवी कोरडी वाटणारी माणसेही हळवी होतात. रद्दीच्या दुकानांत, जुन्या बाजारात, इंटरनेटवर ती शोधत राहतात. या ओढीचे कारण कधी गोष्टीत शोधले जाते, कधी चित्रांच्या दर्जात. दोन्हींचा वाटा आहेच. पण पुस्तक दोघांनी मिळून वाचले होते हे कारण त्यांच्याही मुळाशी आहे, असे धरून हा संग्रह आखला आहे.

चित्रे असलेले प्रत्येक पुस्तक चित्रपुस्तक होत नाही. सचित्र पुस्तकातली चित्रे काढून टाकली तरी गोष्ट शिल्लक राहते. चित्रपुस्तकातली काढली तर बहुधा काहीच राहत नाही. पॅट हचिन्स यांचे १९६८ सालचे ‘रोझीज वॉक’ हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. एक कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढे सांगणारे ३२ शब्दांचे एक वाक्य, इतकाच त्याचा मजकूर. चित्रांत मात्र पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा लागलेला आहे. तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पाय पडून नाकावर तडाखा खातो; पुन्हा झेप घेतो आणि तळ्यात पडतो; पुढे पिठाचे पोते त्याच्यावर रिकामे होते आणि शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. शब्दांत कोल्ह्याचा उल्लेखही नाही. मोठा माणूस शांतपणे कोंबडीची गोष्ट वाचत असतो आणि शेजारी बसलेले मूल ‘मागे बघ, मागे बघ’ म्हणून ओरडत असते. मोठ्यांना न दिसलेले आपल्याला दिसले, हा आनंद मुलाला घरात इतर वेळी क्वचितच मिळतो.

या प्रकाराचे दुसरे अंग म्हणजे पान उलटणे. बहुतेक चित्रपुस्तके ३२ पानांची असतात. याचे कारण कलेत नसून छापखान्यात आहे: मोठा ताव घडी घालून आठ-सोळा पानांचे फर्मे होतात आणि बांधणीला ते सोयीचे पडतात. पण या सक्तीतून चित्रकारांनी एक शैली घडवली. उजव्या पानावर काहीतरी अर्धवट सोडायचे, पान उलटल्यावर ते पुरे करायचे. मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकात चित्राचा आकारसुद्धा गोष्ट सांगतो. दंगेखोर मॅक्सला उपाशी झोपायला पाठवले जाते तेव्हा चित्रे लहान आहेत, भोवती पांढरी जागा भरपूर. खोलीत जंगल उगवू लागते तशी ती वाढत जातात, पान भरते, शेजारच्या पानावर पसरतात; अक्राळविक्राळ प्राण्यांचा धिंगाणा सुरू झाला की सलग तीन जोडपानांवर शब्दच उरत नाहीत. मग चित्रे हळूहळू आक्रसतात. शेवटच्या पानावर चित्र मुळीच नाही. टेबलावर ठेवलेले जेवण अजून गरम आहे, एवढे कळते. तीन जोडपाने बिनशब्दांची असली की वाचून दाखवणाऱ्याची पंचाईत होते. तिथे प्रत्येक घराने आपापले आवाज काढलेले असतात आणि त्या घरापुरते तेच पुस्तकाचा भाग होऊन बसतात.

चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची रीत छापील पुस्तकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवत, त्यांच्या जुडीला पोथी म्हणत, आणि एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून गाऊन कथा सांगत. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी अशी चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. त्यांना बालसाहित्याचे पूर्वज ठरवण्याचा उत्साह आवरायला हवा, कारण ती मुलांसाठी नव्हती. तरी सांगणारा, चित्र आणि पाहणारा हे तीन कोन तिथे पुरते तयार होते.

युरोपात मुलांच्या चित्रपुस्तकाचा आरंभ सामान्यतः कोमेनियस या मोरावियन शिक्षणतज्ज्ञापासून धरतात. १६५८ साली न्यूरेंबर्गला निघालेल्या त्यांच्या ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस’मध्ये चित्रातल्या वस्तूंना आकडे घातले होते आणि तेच आकडे लॅटिन आणि जर्मन मजकुरात होते. ते पाठ्यपुस्तकच होते. मौज हा त्याचा हेतू नव्हता. मौज आली ती उपदेशाच्या पाठीवर बसून. १८४५ साली फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी आपल्या मुलासाठी लिहिलेले ‘श्ट्रुव्हेलपेटर’ छापून निघाले. त्यात काड्यांशी खेळणारी मुलगी जळून जाते आणि अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे कापले जातात. आजच्या पालकांच्या अंगावर काटा येईल, पण जर्मन घरांतल्या कित्येक पिढ्यांनी हे पुस्तक भीत भीत आणि पुन्हा पुन्हा मागून वाचले. लहानपणच्या पुस्तकाविषयीचा जिव्हाळा गोडव्यातूनच येतो असे नाही, भीतीतूनही येतो, याची ही जुनी साक्ष.

इंग्लंडमध्ये एडमंड इव्हान्स या मुद्रकाने प्रत्येक रंगासाठी वेगळा लाकडी ठसा कोरून रंगीत छपाई स्वस्त केली आणि वॉल्टर क्रेन, केट ग्रीनअवे, रँडॉल्फ कॅल्डिकॉट या तिघांना हात मोकळा मिळाला. कॅल्डिकॉटची पहिली दोन पुस्तके १८७८ सालची. आधुनिक चित्रपुस्तक त्याच्यापासून मोजण्याची प्रथा आहे, कारण शब्द जे सांगत नाहीत ते त्याची चित्रे सांगू लागली. १९३८ पासून अमेरिकेत दिले जाणारे चित्रपुस्तकांचे पदक त्याच्याच नावाचे आहे. बीॲट्रिक्स पॉटर यांच्या ‘पीटर रॅबिट’ची हकिकत वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेले ते सचित्र पत्र होते. प्रकाशकांनी नाकारल्यावर त्यांनी १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पुढच्या वर्षी फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ते रीतसर काढले. पुस्तक लहान हातांत मावेल एवढेच असावे आणि किंमत कमी असावी, हा पॉटरबाईंचा हट्ट होता. मुलाने पुस्तक स्वतः धरायचे आहे, हे त्यांनी बहुतेक प्रकाशकांच्या आधी ओळखले.

विसाव्या शतकात निरनिराळे पंथ स्पष्ट दिसू लागले. न्यूयॉर्कमध्ये, पुढे ‘बँक स्ट्रीट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शिक्षणसंस्थेत, ल्यूसी स्प्रेग मिचेल यांनी १९२१ पासून असे मांडले की अगदी लहान मुलांना राजाराण्या नकोत. घर, रस्ता, आंघोळ, दुकान हेच त्यांच्यासाठी पुरेसे अद्भुत आहे. ग्रंथपालांचा एक प्रभावी गट परीकथांच्या बाजूचा होता. मिचेल यांच्या शिष्या मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘गुडनाइट मून’ १९४७ साली आले. एक ससा झोपण्यापूर्वी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतो, एवढेच त्यात घडते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ते १९७२ पर्यंत ठेवलेच नाही. त्याच ग्रंथालयाने २०२० मध्ये आपल्या १२५ वर्षांतल्या सर्वाधिक वाचकांनी नेलेल्या पुस्तकांची यादी केली तेव्हा पहिला क्रमांक एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ या चित्रपुस्तकाचा लागला, ४,८५,५८३ वेळा. आणि ‘गुडनाइट मून’साठी वेगळी तळटीप द्यावी लागली, की पंचवीस वर्षे ते कपाटात नव्हते म्हणून यादीत नाही. जाणकारांची पसंती आणि मांडीवरच्या वाचकाची पसंती यांत किती अंतर पडू शकते ते यावरून दिसते.

रशियात क्रांतीनंतरच्या पहिल्या दशकात लेनिनग्राडला सामुईल मार्शाक हे कवी आणि व्लादिमिर लेबेदेव हे चित्रकार यांच्याभोवती एक विलक्षण गट जमला. पांढरी पार्श्वभूमी, सपाट रंग, भौमितिक आकार; सर्कस, आइस्क्रीमवाला, टपाल असे रोजचे विषय. १९३६ मध्ये ‘प्रावदा’ने या चित्रकारांवर सडकून टीका केली आणि तो बहर ओसरला; पुढच्या काळातली सोव्हिएत पुस्तके अधिक वास्तवदर्शी आणि लोककथेकडे झुकणारी झाली. फ्रान्समध्ये १९३१ साली ‘बाबार’ हत्ती अवतरला. सेंडॅकपासून मुलाच्या मनातला राग आणि भय यांना चित्रपुस्तकात उघड जागा मिळाली. ब्रूनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञांनी आईने मुलाला उपाशी झोपवण्यावर आक्षेप घेतला होता. मुलांनी मात्र काही आक्षेप घेतला नाही. लिओ लिओनी, एरिक कार्ल ही मंडळी मांडणीकलेतून आली. कार्ल यांच्या खादाड सुरवंटाच्या पुस्तकातली (१९६९) भोके आणि लहानमोठी पाने अमेरिकेतल्या छापखान्यांना परवडण्याजोगी नव्हती, म्हणून ते जपानमध्ये छापले गेले.

जपानचे नाव इथे सहज आलेले नाही. फुकुइनकान या संस्थेने १९५६ पासून ‘कोदोमो नो तोमो’ हे मासिक चालवले. मासिक म्हणजे दरमहा एक संपूर्ण चित्रपुस्तक. बालवाड्यांमधून ते घरोघर पोहोचे. त्यातूनच १९६३ मध्ये ‘गुरी आणि गुरा’ हे दोन उंदीर आले, जंगलात सापडलेल्या भल्यामोठ्या अंड्याचा केक करून सगळ्या प्राण्यांना वाटणारे. तो पिवळाधमक केक जपानी वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत आहे. चित्रकार इवासाकी चिहिरो यांच्या तोक्योतील घरी १९७७ मध्ये चित्रपुस्तकांच्या कलेला वाहिलेले संग्रहालय उघडले; त्यांची जलरंगातली मुले मराठी वाचकांना ‘तोत्तोचान’मधून ओळखीची आहेत.

या साऱ्या इतिहासात मराठीचे पान कुठे येते? प्रामाणिक उत्तर असे की चित्रपुस्तक या नेमक्या अर्थाने ते उशिरा येते. १८७३ चा ‘बालबोधमेवा’, १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी सुरू केलेले ‘आनंद’ अशी मुलांच्या नियतकालिकांची परंपरा मराठीत जुनी आणि समृद्ध आहे, पण तिचा भर मजकुरावर. रंगीत छपाई महाग, खप बेताचा आणि बहुतेक घरांत अभ्यासाबाहेरचे पुस्तक विकत घेण्याची रीत नाही, अशा तिढ्यात एखाद्या प्रकाशकाने ३२ पानी रंगीत पुस्तक काढणे म्हणजे धाडसच होते. परिणामी मराठी मुलांचे लाडके चित्रपुस्तक पुष्कळदा वेगळ्याच वेषात आले. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली, आणि लाखो घरांत पहिलीचे पाठ्यपुस्तक हेच पहिले चित्रपुस्तक ठरले. जून महिन्यात नवे पुस्तक घरी आले की शाळा सुरू होण्याआधी त्याची चित्रे पाहून संपत. पुस्तकाला खाकी कव्हर घालणाऱ्या वडिलांच्या शेजारी बसून ती पाहिलेली असत. १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिकही बालभारतीचेच.

बंगालचे उदाहरण इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’ १९३० साली नंदलाल बोस यांच्या लिनोकट चित्रांसह निघाले. १९८० च्या सुमारास ते प्राथमिक शाळांतून काढण्याचा विचार सरकारने केला तेव्हा रस्त्यावर येण्याइतका विरोध झाला. अक्षरओळखीच्या पुस्तकासाठी एवढे भांडण व्हावे, यात त्या काळ्या-पांढऱ्या ठशांचा वाटा कमी नव्हता.

दुसरा वेष ‘चांदोबा’चा. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये आली. चित्रे सर्व भाषांत तीच, मजकूर तेवढा बदले. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम राजा के. सी. शिवशंकरन ऊर्फ ‘शंकर’ यांनी काढला. ते जवळपास सहा दशके या मासिकासाठी चित्रे काढत होते. स्मशान, वडाच्या पारंब्या, कवट्या यांच्या त्या रेषा इतक्या नेमक्या होत्या की वेताळाचा प्रश्न विसरलेल्यांनाही चित्र आठवते.

तिसरा वेष सर्वांत अनपेक्षित: मॉस्कोहून आलेली मराठी पुस्तके. प्रगती आणि नंतर रादुगा या सोव्हिएत प्रकाशनसंस्था भारतीय भाषांतून मुलांची पुस्तके काढत. अनिल हवालदार यांच्यासारखे अनुवादक तिथे राहून काम करत होते. जाड कागद, पानभर रंगीत चित्रे, आणि किंमत मात्र इथल्या वहीएवढी. व्लादिमिर सुतेयेव्ह हे मूळचे ॲनिमेशनवाले, त्यामुळे त्यांची कोंबडीची पिल्ले आणि उंदीर पानावर थांबलेले वाटतच नाहीत. येवगेनी राचेव्ह यांचे कोल्हे-अस्वले रशियन खेडुतांचे कपडे घालून उभे राहतात. ज्या मुलांनी बर्फ फक्त फ्रीजमध्ये किंवा गोळेवाल्याकडे पाहिला होता त्यांना समोवार, भूर्जवृक्ष आणि केसाळ टोप्या घरच्यासारख्या झाल्या. प्रचाराचा हेतू त्यामागे होता, हे उघड आहे. राजकारणाची पुस्तकेही त्याच गाडीतून येत. पण मुलांनी त्यातून जे उचलले त्याचा त्या हेतूशी फारसा संबंध राहिला नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि हा ओघ एकाएकी आटला. ज्यांनी ती वाचली त्यांच्या मुलांना ती मिळाली नाहीत, आणि दुर्मिळ झाल्यामुळे ओढ वाढली. अरविंद गुप्ता यांनी अशी कित्येक पुस्तके स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवली. मराठी वाचकांच्या या वेडावर ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ नावाचा माहितीपटही निघाला. ज्या देशात आपण कधी गेलो नाही आणि जो आता नकाशावरही नाही, त्याच्याविषयी आपुलकी वाटावी, हे केवळ चित्रांच्या सौंदर्यावर जमत नाही.

त्याआधीच दिल्लीत १९५७ साली दोन संस्था उभ्या राहिल्या होत्या: व्यंगचित्रकार शंकर (‘चांदोबा’तले शंकर वेगळे) यांची चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि सरकारी नॅशनल बुक ट्रस्ट. दुसरीच्या नेहरू बाल पुस्तकालयाने एकच चित्रे ठेवून मजकूर अनेक भाषांत छापण्याची युक्ती वापरली आणि मिकी पटेल यांचा ‘रूपा हत्ती’ मराठी घरांत पोहोचला. खास मराठीतून, मराठी घर समोर ठेवून घडलेले चित्रपुस्तक रुजवण्यात ज्योत्स्ना प्रकाशन आणि माधुरी पुरंदरे यांचे काम मोठे आहे. ‘राधाचं घर’मध्ये राधाच्या घरातली माणसे आहेत, यशच्या पुस्तकांत एका लहान मुलाचे रोजचे प्रश्न आहेत. राक्षस नाही, जादू नाही. बँक स्ट्रीटच्या बायकांनी मांडलेला विचार पुण्यात स्वतंत्रपणे उगवला, असे म्हणायला हरकत नाही. पुरंदरे लेखनही करतात आणि चित्रेही काढतात, त्यामुळे शब्दांनी कुठे गप्प बसायचे हे त्यांना नेमके ठाऊक असते. चेन्नईची तूलिका, बंगळुरूची प्रथम बुक्स, भोपाळची एकलव्य यांनी पुढे ही वाट रुंद केली. तारा बुक्सने गोंड चित्रकारांना पुस्तकात आणले आणि ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (२००६) हे हाताने छापलेले पुस्तक जगभर गेले.

आता ओढीच्या मुळाशी. तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे प्रसंग मोठेपणी सहसा आठवत नाहीत, हे मानसशास्त्राने पुष्कळ आधीपासून नोंदवले आहे. मग त्या वयात पाहिलेले पुस्तक कसे लक्षात राहते? पहिले कारण पुनरावृत्ती. मूल एकच पुस्तक महिनोन्‌महिने मागत राहते आणि मोठी माणसे कंटाळून एखादे पान गाळू पाहतात तेव्हा पकडली जातात. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले, की नवे शब्द तीन वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या गोष्टींतून ऐकण्यापेक्षा त्याच त्या गोष्टींतून वारंवार ऐकल्यावर अधिक पक्के येतात. म्हणजे मुलाचा हट्ट शहाणा असतो. दुसरे कारण शरीराचे. ज्यूडी डिलोश यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांची बाळे चित्रातली वस्तू बोटांनी उचलायला पाहत होती, अमेरिकेतली आणि आयव्हरी कोस्टमधलीही. दीड वर्षाच्या पुढे ती बोट दाखवू लागली. पुस्तक हे आधी चाटायचे, ओढायचे, फाडायचे असते, मग बोट ठेवायचे, मग वाचायचे. डिंकाने चिकटवलेले पान आणि काजळाचा डाग यांसकट ते स्मरणात राहते ते त्यामुळे. नवी कोरी आवृत्ती विकत आणणाऱ्यांची थोडी निराशा होते त्याचेही कारण हेच.

तिसरे कारण आवाज. १९९८ मध्ये दिल्लीत भरलेल्या बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात जपानच्या तेव्हाच्या सम्राज्ञी मिचिको यांचे चित्रमुद्रित भाषण दाखवले गेले. आपल्या शंखात दुःख भरले आहे असे अचानक उमगलेल्या गोगलगायीची, अगदी लहानपणी ऐकलेली गोष्ट त्यांनी त्यात सांगितली, आणि ती पुढे आयुष्यभर कशी अधूनमधून आठवत राहिली तेही. वाचून किंवा सांगून मिळालेल्या गोष्टीला सांगणाऱ्याचा आवाज चिकटलेला असतो. पन्नाशीतला वाचक जुने पान उघडतो तेव्हा ओळी त्याच्या डोक्यात त्याच्या आवाजात उमटत नाहीत. आता नसलेल्या कुणाच्या तरी आवाजात उमटतात.

जिव्हाळा म्हणजे पारख नव्हे, हेही इथे मांडायला हवे. हेलन बॅनरमन यांनी भारतात असताना लिहिलेले ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ (१८९९) कित्येकांचे आवडते पुस्तक होते. त्यातली, विशेषतः नंतरच्या नकली आवृत्त्यांतली काळ्या मुलाची विडंबनात्मक चित्रे मात्र कृष्णवर्णीय मुलांना शाळाशाळांत चिडवण्याचे साधन झाली. २०२१ मध्ये डॉ. सूस यांच्या वारसदार संस्थेने त्यांची सहा पुस्तके अशाच कारणाने छापणे थांबवले आणि एकच गदारोळ झाला. ज्यांचे लहानपण त्या चित्रांत होते ते दुखावले; ज्यांची टर उडवली होती त्यांचेही लहानपण त्याच चित्रांत होते, हे फार थोड्यांना आठवले. मराठीतही हा प्रश्न टळत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या आणि मासिकांतल्या चित्रांतले घर बराच काळ एकाच ठशाचे राहिले: तुळशीवृंदावन, चष्मा लावून पेपर वाचणारे वडील, नऊवारीतली गोरी आजी. पाड्यावरच्या, वस्तीवरच्या, पालावरच्या मुलांनीही तीच चित्रे पाहिली, आणि त्यांची ओढ कमी होती असे नाही. पण त्या ओढीत आपण या चित्रात नाही ही जाणीवही मिसळलेली होती. ‘द स्नोई डे’मधला पीटर १९६२ साली लाल कोट घालून बर्फात खेळला, तो काळा होता आणि पुस्तकात त्याचा गाजावाजा नव्हता. मराठीत असे सहज घडलेले पुस्तक अजून दुर्मिळ आहे.

हा विषय आजच मांडण्याला कारणे आहेत. मूल जन्मल्यावर काही महिन्यांतच मोबाइलचा पडदा त्याच्या हाती येतो. पडद्यावरची गोष्ट स्वतःच बोलते, स्वतःच पुढे सरकते. दुसऱ्या माणसाची तिला गरज नसते. पडदा वाईट की चांगला हा वाद इथे उकरायचा नाही. फक्त दोघांच्या वाचनातला एक जण त्यात अनावश्यक ठरतो, याची नोंद घ्यायची आहे. दुसरीकडे चित्रपुस्तके पूर्वी कधी नव्हती इतकी मिळू लागली आहेत. प्रथम बुक्सच्या २०१५ पासूनच्या स्टोरीवीव्हर या खुल्या संग्रहात मराठी पुस्तके कुणालाही फुकट वाचता आणि अनुवादित करता येतात.

तिसरी गोष्ट शहरी मराठी घरांत आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांत रोज घडते, पण तिच्याकडे कुणी वाङ्मयीन घटना म्हणून पाहत नाही. पुस्तक इंग्रजी असते, आजी त्यातली चित्रे दाखवत गोष्ट मराठीत सांगते. तिला इंग्रजी ओळी वाचायच्याच नसतात. कोल्हा दिसला की ती कोल्ह्याचे तिला माहीत असलेले सगळे सांगते, आणि मधेच करवंदांवर घसरते. मुलाच्या आठवणीत ते पुस्तक मराठी म्हणून राहते. पिंगुळीच्या पोथीचीच ही पद्धत. फक्त पोथी न्यूयॉर्कला छापलेली.

हा सारा विषय किरकोळ वाटेल त्यांच्यासाठी एक प्रसंग: १९४६ मध्ये बेचिराख झालेल्या म्युनिकमध्ये येला लेपमान यांनी देशोदेशीच्या मुलांच्या पुस्तकांचे प्रदर्शन भरवले. फुले हुंगत बसणाऱ्या, झुंजायला नकार देणाऱ्या ‘फर्डिनांड’ बैलाच्या गोष्टीचा त्यांनी एका रात्रीत जर्मन अनुवाद केला आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ३०,००० प्रती छापून वाटल्या. नाझी राजवटीने याच पुस्तकावर बंदी घातली होती. अन्न आणि कोळसा मिळत नसताना पुस्तके कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते.

चित्रपुस्तकांचा अभ्यास आता चांगला रुळला आहे. बार्बरा बेडर यांनी १९७६ मध्ये अमेरिकी चित्रपुस्तकांचा इतिहास लिहिला, पेरी नोडेलमन यांनी १९८८ मध्ये चित्रांच्या व्याकरणाची चर्चा केली, मारिया निकोलायेवा आणि कॅरल स्कॉट यांनी २००१ मध्ये शब्द आणि चित्र यांच्या नात्याचे प्रकार लावले. ही मांडणी मुख्यतः करणाऱ्यांच्या बाजूची: कोणी काढले, कसे काढले, कोणते पदक मिळाले. वाचणाऱ्यांच्या बाजूचा इतिहास निराळा निघतो. त्यात पाठ्यपुस्तक येते, मासिक येते, परक्या देशाचे प्रचारसाहित्य येते, दवाखान्यात वाट पाहताना हाती आलेला फाटका अंकही येतो. प्रस्तुत संग्रह हा दुसरा इतिहास मांडू पाहतो. त्यातील लेख एकेका पुस्तकाची महती गाण्यासाठी नाहीत. ते पुस्तक कोणाच्या शेजारी बसून, कोणत्या घरात, कितव्या हाताने आलेल्या प्रतीतून वाचले गेले, याचा शोध प्रत्येक लेखात आहे. जिथे शक्य आहे तिथे छपाई, किंमत आणि अनुवाद यांचीही माहिती दिली आहे, कारण मुलाच्या हाती काय पडावे हे बहुतेक वेळा त्यांनीच ठरवलेले असते.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. अमर चित्रकथा आणि इतर कॉमिक्सचे वाचन एकट्याने, बहुधा गादीखाली लपवून होते. त्याची ओढ तितकीच खरी असली तरी जात वेगळी आहे. ॲप आणि बोलकी पुस्तके अजून फार नवी असून त्यांचे वाचक आठवणी सांगण्याच्या वयाचे झालेले नाहीत. कोकणी आणि मराठीच्या बोलींमधल्या चित्रपुस्तकांना इथे मिळालेली जागा अपुरी आहे, आणि आदिवासी भागांतील शाळांत अलीकडे तयार होत असलेल्या द्विभाषिक पुस्तकांवर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. लेखांचा क्रम प्रकाशनवर्षांनुसार नाही. वाचकाने ते पुस्तक कोणत्या वयात प्रथम पाहिले त्यानुसार, धाकट्यापासून थोरल्याकडे लावला आहे. कोणताही लेख आधी वाचता येईल. चित्रे शक्य तिथे मूळ आकारात छापली आहेत. काही पाने जुन्या, वापरलेल्या प्रतींवरून घेतली असल्याने त्यांवरचे डाग, पेन्सिलीच्या रेघा आणि नावे गिरवण्याचे प्रयत्न पुसलेले नाहीत.